‘चालते’ म्हणण्यापूर्वी तापवून पाहणारे इंगळे सर

दिनकरराव इंगळे सरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. ते या गौरवग्रंथात लिहावे की नाही, असा प्रश्न संपादकांना पडला होता. मला पडला नाही. झाले ते झाले.

दिवाळीची आवराआवर चालली होती. माझा मिक्सर वाटण वाटता वाटता बंद पडला आणि मी तो भंगारात द्यायला निघाले. चिखलीत बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गाळ्यात निवृत्त झालेले एक सर लोकांनी टाकून दिलेल्या विजेच्या वस्तू तपासतात, असे शेजारणीने सांगितले होते. म्हणून वाटेत थांबले.

“काऊन टाकून राह्यल्या, बाई?” सरांनी विचारले.

“बंद पडला म्हणून. चालू मिक्सर कोणी टाकतं का?” मी फटकारले.

सरांनी मिक्सर उलटा केला, बुडाशी असलेले लहानसे लाल बटण दाबले आणि पिन लावली. मिक्सर घरघरू लागला. “वाटण घट्ट झालं असन. भार जास्त झाला का तो आपोआप बंद होते. बिघाड काईच नाई,” ते म्हणाले. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेली बाई! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. सर मात्र हसले नाहीत. पुढच्या रविवारी मी मदत करायला म्हणून गेले, ती आजतागायत जाते आहे.

सरांनी आयटीआयमध्ये वीजतंत्रींच्या कितीतरी तुकड्या घडवल्या आणि निवृत्त झाल्यावर हे टेबल मांडले. इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन, पाणी तापवायचा रॉड, लोक काय वाटेल ते आणून देतात. सर प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधतात. ‘चालते’, ‘दुरुस्तीने चालेल’ किंवा ‘फक्त सुटे भाग’, आणि खाली त्यांची सही. ‘चालते’ लिहिलेली वस्तू गरज असलेल्या घरी जाते. पण स्क्रू खोलण्याआधी ते आणणाऱ्या माणसाची चौकशी करतात. किती वर्षे वापरली, कधी पाण्यात पडली का, हाताला मुंग्या येत होत्या का. “वस्तू अर्धंच सांगते, बाकीचं घरची बाई सांगते,” हे त्यांचे नेहमीचे वाक्य आहे.

जी वस्तू धोक्याची निघेल तिची वायर ते आणणाऱ्यासमोरच कापतात, म्हणजे पुढे कोणी उचलून वापरायला नको. एकदा एका ताईंनी वडिलांनी आंदणात दिलेली इस्त्री आणली. वडील नुकतेच गेलेले. निदान दुसऱ्या कोणाच्या घरात तरी ती चालावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. इस्त्रीच्या अंगात करंट उतरत होता. सरांनी वायर कापली, इस्त्री पुसून त्यांच्या हातात परत दिली आणि म्हणाले, “वडलाची आठवण ठेवा ताई, करंट नका ठेऊ.” ताई रडल्या, पण इस्त्री घेऊन गेल्या.

आता माझ्या चुकीबद्दल. ती सांगितल्याशिवाय सरांबद्दल काही सांगितले असे होणार नाही.

दिवाळीनंतर टेबलावर वस्तूंचा ढीग पडतो. त्या गर्दीत मी एक इस्त्री थंड असतानाच तपासली. सरांचा नियम असा, की तापणारी वस्तू अर्धा तास तापवायची आणि मगच तपासायची, कारण काही दोष तापल्यावरच बाहेर येतात. मला नियम पाठ होता. तरी म्हटले, एवढ्याने काय होते! चिठ्ठीवर ‘चालते’ लिहिले, सरांनी माझ्यावर विश्वासून सही केली आणि इस्त्री दुसरबीडला गेली. तिथे एक बाई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून घर चालवत असत. नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर त्या अनवाणी उभ्या होत्या. झटका बसला, त्या फेकल्या गेल्या. जीव वाचला, पण हात कित्येक दिवस वर जात नव्हता.

सर मला घेऊन एसटीने दुसरबीडला गेले. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी हात जोडले. “माय, चिठ्ठीवर सही माही आहे. चूक माही आहे.” त्या बाईंचा हात बरा होईपर्यंत सर दर आठवड्याला तिथे जात राहिले. परतीच्या गाडीत मी म्हटले, मला हे काम नको, माझ्या हातून माणूस मेला असता. सर म्हणाले, “आता तुमाले भेव बसलं. भेव बसलेला माणूसच नीट तपासते. रविवारी या.” मी गेले. त्या दिवशी ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

आणि आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. लोणारहून एक सून सासूबाईंसाठी पाणी तापवायचा रॉड न्यायला आली होती. सरांनी तो बादलीत तापवून तपासला होता, चिठ्ठी बांधली होती. मी द्यायला म्हणून उचलला आणि नळीवर केसाएवढी चीर दिसली. आज ना उद्या त्यातून पाणी आत शिरणारच. गाळ्यात दहा माणसे. ज्यांनी मला हे काम शिकवले, माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेतली, त्यांचा निकाल चारचौघांत खोटा कसा ठरवायचा? पण समोर ती सून पिशवी उघडून उभी होती.

“सर, हा नाही चालत,” मी म्हटले.

सरांनी चष्मा पुसून पाहिले. त्यांना काही दिसेना. मग त्यांनी नळीवरून नख फिरवले आणि ते एका जागी अडले. सरांनी स्वतः वायर कापली आणि त्या सुनेला म्हणाले, “पोरी, मले दिसलं नाई. या बाईनं पाह्यलं म्हणून तुही सासू वाचली.” त्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठीवर त्यांच्या सहीखाली माझी सही असते. ती नसली तर ते वस्तू टेबलावरून हलू देत नाहीत.

पंच्याहत्तरी गाठलेल्या माणसाला लोक शंभर वर्षांचे आयुष्य चिंततात. मीही मनापासून चिंतते. पण सर, मोतीबिंदूचे ऑपरेशन तुम्ही ‘पाहू पुढच्या महिन्यात’ म्हणत टाळता आहात. हे मी इथे मुद्दाम छापून आणते आहे, म्हणजे सगळ्या तालुक्याला कळेल आणि जो भेटेल तो तुम्हाला विचारील. रागवायचे असेल तर खुशाल रागवा. तुमचा निकाल खोटा ठरवणे त्या दिवशी मला फार जड गेले. मला ती पाळी पुन्हा येऊ देऊ नका. डोळे बरे करा, निरोगी राहा, आणि अजून पुष्कळ वर्षे माझ्याच चुका काढत बसा.