बाजारात मागे राहिलेली माणसं

वडील गेल्यावर मी पुण्यातली खोली सोडली आणि नागपुरात नंदनवनला आईजवळ राहायला आलो. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रॅमर होतो. घरून काम करायला परवानगी होती, म्हणून नोकरी माझ्यासोबत आली. बाकी फारसं काही आलं नाही. शाळेतले मित्र गाव सोडून गेलेले. एक जण बुटीबोरीच्या कारखान्यात होता, तो सुरुवातीला रविवारी यायचा. मग त्याची शिफ्ट बदलली आणि आमची भेट ‘येतो कधी तरी’ या मेसेजवर येऊन थांबली.

घरात आम्ही दोघंच. पुढच्या खोलीत माझं टेबल, मधल्या खोलीत आईची खाट आणि टीव्ही. चहा ठेवू का, भाजी कोणती करू, यापलीकडे बोलणं जात नसे. सकाळी ऑफिसची मीटिंग व्हायची, तीही सगळ्यांचे कॅमेरे बंद ठेवून. ज्यांच्याबरोबर वर्षभर काम केलं त्यांतल्या दोघांचे चेहरे मी अजून पाहिलेले नाहीत. मीटिंग संपली की हेडफोन कानावर तसेच ठेवून कामाला लागायचो. संध्याकाळी दूध आणायला गेलो की कधी कधी घशातून आवाजच नीट निघत नसे.

आमचा गेम एका नदीकाठच्या गावाचा होता. खेळणारा त्यात व्यापारी होतो, माल आणतो, बाजारात विकतो. गाव लहान होतं तोवर सगळं सुरळीत चाललं. मग चित्रं करणाऱ्या मंडळींनी बाजारात शेकडो माणसं आणून सोडली आणि गेम अडखळायला लागला. माणसं चालता चालता थबकायची, मग एकदम दोन हात पुढे उडी मारायची. आमचा प्रमुख मीटिंगमध्ये म्हणाला, “आतला कोड फार जुना आहे. कोणी हात लावायला तयार नाही. तू बघतोस का?” मी हो म्हणालो. एकट्याने करायचं काम होतं, आणि त्याची मला सवय झाली होती.

अडचण समजायला वेळ लागला नाही. हल्लीच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्ये एक नाही, अनेक कोअर असतात. प्रत्येक कोअर स्वतंत्रपणे हिशेब करू शकतो. माझ्या मशीनमध्ये आठ होते. पण आमचा गेम जुन्या पद्धतीने लिहिलेला. खेळणाऱ्याने कोणतं बटण दाबलं ते पाहायचं, प्रत्येक माणसाला एक पाऊल पुढे न्यायचं, कोण कोणाला धडकतं ते तपासायचं, आवाज जुळवायचा, आणि मग पडद्यावर काय काढायचं ते ठरवायचं. ही सगळी कामं एकच कोअर एकामागून एक करत होता, तीही सेकंदाच्या साठाव्या भागात. मशीनवर किती ताण आहे हे दाखवणारी खिडकी उघडली की आठ चौकोन दिसायचे. एक काठोकाठ भरलेला, बाकीचे जवळजवळ रिकामे.

मी कामाचे तुकडे करायला घेतले. पन्नास माणसांची हालचाल हा एक तुकडा, पुढच्या पन्नासांची दुसरा, आवाज वेगळा. सगळे तुकडे एका रांगेत ठेवायचे आणि जो कोअर मोकळा असेल त्याने पुढचा उचलायचा. काही कामांचा क्रम मात्र मोडता येत नाही. माणूस कुठे उभा आहे हे ठरल्याशिवाय त्याची सावली कुठे पडेल हे ठरत नाही. हे सगळं बसवता बसवता होळी होऊन गेली. एक दिवस खिडकीतले आठही चौकोन सारखे वर चढलेले दिसले. बाजार पाण्यासारखा वाहत होता. सांगायला शेजारी कोणी नव्हतं. मी उठलो, गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे काढून आणले.

पुढच्याच आठवड्यात गेम तपासणाऱ्या मुलीने कळवलं, की अंधार पडल्यावर सगळी माणसं घरी जातात, पण अधूनमधून एखादं माणूस बाजारातच उभं राहतं. दर वेळी वेगळं. मी शोधायला लागलो तर काहीच सापडेना. नेमकं काय होतंय ते टिपून घ्यायला चार ओळी कोडमध्ये घातल्या की चूक नाहीशी व्हायची, कारण त्या ओळींमुळे कामाचा वेग जरासा बदलायचा. ओळी काढल्या की पुन्हा कोणीतरी मागे राहायचं. शेवटी बाजार भरभर चालवून नुसतं डोळ्यांनी पाहत बसणं एवढंच हाती उरलं. काही मिनिटांत सकाळ, काही मिनिटांत संध्याकाळ, आणि पुन्हा सकाळ.

मे महिन्यात मधल्या खोलीतल्या कूलरची मोटर जळाली. माझ्या खोलीतला चालू होता, म्हणून आई खुर्ची घेऊन माझ्या मागे येऊन बसली. मांडीवर ताट, ताटात निवडायचे तांदूळ. तिने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून मी हेडफोन काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी ती एकदम म्हणाली, “ते बाई काहून नाही गेली गा घरी?”

“कोणती बाई?”

“ते टोपलंवाली. बाकीचे तं गेले सगळे.”

मी दुसऱ्या पडद्यावर कोड पाहत होतो. मान वर केली. रिकाम्या बाजारात डोक्यावर टोपलं घेऊन एक बाई उभी होती.

तेव्हापासून आई बाजार पाहायची आणि मी कोड. “आज म्हातारा राह्यला,” ती सांगायची. “हा तं कालचा कुंभार नोहे, दुसराच हाय.” एकदा तिने विचारलं, “हे असं कायले होते?”

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. “आई, या डब्यात आठ जण काम करतात. पहिले एकच करत होता.”

“मंग बाकीचे?”

“रिकामे बसून राहत होते.”

“अन् आता?”

“आता आठही करतात. पण घरी कोणाला पाठवायचं त्याची यादी एकच आहे. कधी दोघं एकाच वेळी तिच्यात एकाच जागी लिहितात. मग एकाचं लिहिलेलं पुसलं जातं. ज्याचं पुसलं, त्याला घरी जा म्हणून कोणी सांगतच नाही.”

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. “म्हणजे त्या बिचाऱ्याले मालूमच नाही, का बाजार उठला म्हणून.”

त्या दिवसांत आई खूप बोलली. तिचे वडील उमरेडला मागावर लुगडी विणायचे. बाजाराच्या दिवशी तिला गठ्ठ्याजवळ बसवून ते चहा प्यायला जायचे आणि कोणी भेटलं की तिकडेच रमायचे. “सारा बाजार उठून जाये, अन् मी तशीच बसून,” ती हसत म्हणाली. मी तिचा मुलगा, पण हे मला ठाऊक नव्हतं. तुला रडू यायचं का, असं मी विचारलं. “रडून कोणाले सांगतं?” म्हणाली आणि तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

दर वेळी वेगळंच माणूस मागे राहतं, म्हणजे चूक माणसांत नाही, यादीत आहे, हे मला आईच्या पाहण्यावरून कळलं होतं. आधी त्या यादीला कुलूप घातलं, म्हणजे एक कोअर लिहीत असेल तर बाकीच्यांनी थांबायचं. चूक गेली, पण सगळे एकमेकांसाठी खोळंबले आणि बाजार पुन्हा अडखळायला लागला. मग प्रत्येक कोअरला त्याची स्वतःची यादी दिली आणि शेवटी सगळ्या याद्या एकत्र जोडल्या. तेव्हा जमलं. आम्ही दोघांनी दुपारभर बाजार चालवून पाहिला. दर संध्याकाळी तो पूर्ण रिकामा होत होता.

“गेले एकदाचे सारे,” आई म्हणाली. आणखी थोडा वेळ बसली. मग म्हणाली, “आता पाहायचं तरी काय?” आणि ताट घेऊन उठली. मोटर बदलून कूलर दुरुस्त झालाच होता. मधल्या खोलीतून टीव्हीचा आवाज यायला लागला. मी हेडफोन घातले.

दिवाळीला बहीण आली आणि आईला चार दिवसांसाठी भिवापूरला आपल्या घरी घेऊन गेली. चार दिवसांचा महिना झाला, मग दोन. गेम बाजारात आला तेव्हा घरात मी एकटाच होतो. लोकांनी चित्रांची तारीफ केली, संगीताची केली. गर्दीत गेम अडखळत नाही, असं कोणी लिहिलं नाही. न अडखळणारी गोष्ट लक्षात येत नाही, त्यात त्यांची काही चूक नव्हती. आईला फोन लावला. “झालं का? बरं झालं,” ती म्हणाली. मागून बायकांचा गलका ऐकू येत होता.

एका रविवारी तिला आणायला गेलो. बहिणीच्या अंगणात लाल मिरचीचा ढीग पडला होता आणि पाच-सहा बाया देठ खुडत बसल्या होत्या. मधोमध आई. तोंडाला पदर बांधलेला, तरी बोलणं चालूच. मला पाहून म्हणाली, “आला का गा? जेवून घे पहिले.”

जेवण झाल्यावर विचारलं, “चलतेस ना?”

“मिरची तं होऊ दे,” ती म्हणाली. मग म्हणाली, “इथं दिवसभर बोलाले रायतात बाया. तिथं तू रायतं, पण तुह्या कानाले ते हेडफोन रायते ना बापू.” तिच्या आवाजात राग नव्हता. पाऊस पडतोय किंवा ऊन आहे असं सांगावं, तसं तिने सांगितलं.

मी ‘राहा’ म्हणालो, आणि दुपारच्या बसने निघालो. शेजारच्या सीटवर एक म्हातारी होती. तिने आपण होऊन विचारलं, कुठले, काय करता, बायको काय करते. लग्न झालं नाही म्हटल्यावर तिला माझं फार वाईट वाटलं. तिने पिशवीतून दोन पेरू काढून दिले आणि नातवाच्या नोकरीचं लांबलचक सांगत बसली. मीही गेमचं काहीबाही सांगितलं. उमरेडला ती उतरली. पुढच्या स्टॉपवर कोणी चढलं नाही. नागपूर येईपर्यंत ती सीट रिकामीच राहिली.