नानांच्या डबीतलं गाव

जबलपूरजवळच्या धुआंधार धबधब्याच्या कठड्याशी उभी राहून मी फोनवर बहिणीला ओरडून सांगत होते, की पाण्याच्या आवाजात तुझं काही ऐकू येत नाही, नंतर बोलू. फोन ठेवला तर शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे. खाकी पँट, हातानं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, तुषारांनी ओला झालेला चष्मा आणि पुढे केलेल्या तळहातावर झाकण उघडलेली स्टीलची डबी. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. "पहिले चाखा, मग बोलू," ते म्हणाले.

अनोळखी माणसाच्या हातचं खाऊ नये, हा एकटीनं फिरणाऱ्या बाईचा पहिला नियम. मी मागं सरकले. त्यांना ते कळलं. डबीतली चिमूटभर काळपट चटणी त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली, सावकाश चावून गिळली आणि म्हणाले, "पहा, जिवंत आहे. घ्या आता. ओळखीचं लागते का, एवढंच सांगा."

हे नाना. जबलपूरच्या रांझी भागात राहणारे, तिथल्याच कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी रांझीहून बस पकडायची, बदलून भेडाघाटला यायचं, धुआंधारपाशी बसायचं आणि गर्दीत कान लावून मराठी शोधायची, हा त्यांचा नोकरीत असल्यापासूनचा नेम. मराठी कानावर पडली की डबी पुढे. आमच्याकडची पर्यटक मंडळी आधी घाबरत, मग हसत, मग नानांबरोबर फोटो काढून निघून जात. नानांना त्याचं काही वाटत नसे. रिकाम्या हातानं परत गेलेल्या माणसाला पुढचा रविवार असतोच, असं ते म्हणत.

या उद्योगाचं कारण त्यांनी मला पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं. त्यांचा मूळ पुरुष मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं आला. घोड्यांना नाल ठोकायचं काम. फौज पुढं गेली, परतली, मोडली. हे घराणं इथंच राहिलं. मागं वळून कोणी गेलं नाही, पण गाव विसरायचं नाही म्हणून घरात एक रीत पडली. मूल पाच वर्षांचं झालं की त्याला पाटावर बसवायचं आणि गावाचा पत्ता पाठ करून घ्यायचा. तो पाठ झाला, की जिभेवर ही चटणी ठेवायची. गावची चव म्हणून. त्याआधी जेवण नाही.

पत्ता नानांनी मला तिथंच म्हणून दाखवला. पाच वर्षांच्या मुलासारखे हात बांधून, एका दमात. "मौजे भोरसावळी. नदीच्या डाव्या अंगाला. घाटाला सात पायऱ्या, सहावी फुटकी. वर भैरोबा."

"नदी कोणती?" मी विचारलं.

"ते नाही त्यात."

"तालुका?"

"तेही नाही जी." नाना हसले. "ज्यानं पहिल्यांदा पाठ करवलं ना, त्याला वाटलं असेल, एवढ्यात कोणीही पोचते. गावच्या माणसाला नदी एकच असते. दुसरी कुठं असते, हे त्याला काहून सुचेल?"

फोनवरच्या नकाशात त्यांच्या मुलानं शोधून पाहिलं होतं, सापडलं नव्हतं. उरली होती चव. ती ओळखणारं माणूस भेटलं, की ते त्या बाजूचं असणार आणि त्याला गाव ठाऊक असणार, असा नानांचा साधा हिशेब होता.

मी चटणी चाखली. आणि खरंच ओळखली. "कारळ्याची! माझी आत्या करते ही." नानांचा चेहरा असा उजळला, की मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मी शाळेत इतिहास शिकवते. चूक दिसली की लाल पेन्सिल आपोआप हातात येते माझ्या, आणि सुट्टीतही ती घरी राहत नाही. मी आणखी एक चिमूट घेतली, जीभ टाळ्याला लावून पाहिली आणि मोठ्या हुशारीनं म्हणाले, "पण यात काहीतरी गोडसर आहे. मोह! वाळवलेली मोहाची फुलं घातली आहेत तुम्ही. आमच्या कृष्णाकाठी मोह कुठला, नाना? ही गावची चव नव्हेच. ही इथली झाली."

नाना डबीचं झाकण लावायला लागले, ते पहिल्यांदा तिरकं बसलं. मग म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं लोकांना चूक चव देऊन विचारून राहिलो, ओळखीची आहे का?" मला माझीच लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

दुसरा कुणी असता तर तिथूनच निघून गेला असता. नानांनी मला चौसष्ट योगिनींच्या मंदिरात नेलं. पायऱ्या चढताना गुडघा धरून थांबत, पण थांबले आहेत हे कळू नये म्हणून दर वेळी एखादा दगड दाखवत. मी पुस्तकातली राजघराणी आठवत होते, आणि ते दोन दगडांमधल्या फटीवर नख फिरवत होते. "हा सांधा पहा. कागद जाणार नाही यात. आमच्याकडं मशीनवर असा बसवला की साहेब पाठ थोपटायचे. यांची कोणी थोपटली असेल का?" भंगलेल्या मूर्तींच्या त्या गोल ओवरीत मी तोवर पुष्कळ लोकांना शिल्पांविषयी बोलताना ऐकलं होतं. शिल्प करणाऱ्याच्या पाठीविषयी बोलणारे नाना पहिलेच.

मी तीन दिवसांसाठी आले होते, आठ दिवस राहिले. हॉटेल सोडायला लावून नानांनी मला रांझीच्या घरी नेलं. त्यांची सून सुषमा कटनीची. तिला मराठी सगळी कळायची, बोलताना मात्र निम्म्यात हिंदी यायची. "दीदी, नानांना कोणी मराठी बोलणारं पाहिजेच असतं. आम्ही बोलतो ते त्यांना चालतं, पण उनका पेट नहीं भरता," ती म्हणाली. रोज सकाळी नाना मला कुठंतरी न्यायचे. मदनमहालच्या टेकडीवरच्या, एकमेकांवर तोल सावरून बसलेल्या शिळा पाहायला. ग्वारीघाटावर संध्याकाळी पाण्यात सोडलेले दिवे पाहायला. बाजारातल्या एका बाकड्यावर खव्याची काळी जिलबी खायला. मी वहीत टिपून घ्यायला लागले की ते वही मिटवायचे. "इतिहास खाऊन समजते, बेटा. लिहा नंतर." आणि मी घड्याळ पाहिलं की, "काहून घाई करून राहिल्या? नर्मदा कुठं जाऊन नाही राहिली."

आठवडी बाजारात त्यांनी मला चटणीचं मूळही दाखवलं. मंडल्याकडून येणाऱ्या गोंड बायका जगनी विकायला बसतात. इकडं कारळ्यांना जगनी म्हणतात. एका बाईच्या पुढ्यात दोनच टोपल्या होत्या. एकीत जगनी, दुसरीत वाळवलेला मोह. नाना दोन टोपल्यांकडं बराच वेळ पाहत उभे राहिले. "अशीच कोणी बाई असेल," ते म्हणाले, "आणि अशीच आमच्या घरातली कोणी. गूळ संपला असेल घरात. पोराला तिखट लागते म्हणून मूठभर मोह टाकला असेल. मग पोराला तीच गावची चव." ते हसले, पण परतताना बसमध्ये खिडकीबाहेरच पाहत राहिले.

निघताना त्यांनी मला चटणीची डबी दिली. मी म्हणाले, "नाना, तुमचं गाव मी शोधते." अपराधी वाटत होतं म्हणून म्हणाले, हे कबूल करते.

पण शोधलं. सुट्टी लागली की मी तशीही जुनी देवळं बघत हिंडते. आता घाट असलेल्या गावांतून हिंडू लागले. पहिल्या वर्षी काही नाही. नाना फोन करायचे, गावाचं नाव काढायचे नाहीत. "जेवलात का?" विचारायचे, आणि मग नुसतेच गप्प राहायचे. त्या गप्प राहण्यात काय विचारणं होतं ते मला कळायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात एका एसटी स्टँडवरच्या चहावाल्यानं मान वर न करता सांगितलं, "भोरसावळी? ती आता शेजारच्या गावात मोजतात. नाव कागदावर ऱ्हायलं न्हाई. नदीकडनं जावा."

नदीच्या डाव्या काठाला पंचवीसेक घरं. घाट होता, पण नवा, सिमेंटचा, सरळसोट. वर भैरोबा, ऑइलपेंटनं रंगवलेला. मी पायऱ्या मोजल्या तर अकरा. मी तिथंच बसले. धुणं वाळत घालणारी एक म्हातारी जवळ आली. हौसाबाई तिचं नाव. मी तिला विचारलं, इथं पूर्वी सात पायऱ्या होत्या का? सहावी फुटकी?

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुला कुनी सांगितलं गं? त्या जुन्या पायऱ्या शिमिटाखाली गेल्या." आणि तिनं हनुवटी वर करून दाखवली. हनुवटीच्या खाली एक आडवी, पांढरी पडलेली खूण होती. "सहावीवरनं पडले हुते. चवथीत हुते तवा."

मी रडले. कुणाच्या तरी गावासाठी, भर उन्हात, एका परक्या बाईच्या हनुवटीकडं बघून. मग डबी काढून तिला नानांनी नुकतीच पाठवलेली ताजी चटणी दिली. तिनं चाखली, तोंड वाकडं केलं. "कारळ्याचीच हाय. पन गोड वो! आमी न्हाई असली करत." आणि घरात जाऊन तिनं तिची चटणी कागदात बांधून दिली.

ती पुडी घेऊन मी जबलपूरला गेले. नाना गुडघ्यामुळं दाराबाहेर येऊ शकले नाहीत, पण स्वेटर घालून, केस विंचरून खाटेवर बसले होते. बाहेर चाळीस अंशांचं ऊन. सुषमानं पाट मांडला. नाना हट्टानं पाटावर बसले, हात बांधून पत्ता म्हणाले, आणि मी पुडीतली चिमूट त्यांच्या जिभेवर ठेवली.

नानांनी चावलं. थांबले. पुन्हा चावलं. मग अगदी हळू म्हणाले, "नाही बेटा. ओळखीचं नाही लागत."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. आयुष्यभर ज्या चवीची वाट पाहिली ती जिभेवर आली आणि जिभेनं ओळखलीच नाही. नानांचे डोळे भरले होते, पण ते पुडीकडं पाहत होते. कुणी पाहुणा पहिल्यांदा घरी आल्यावर पाहावं तसे. "चांगली आहे," ते म्हणाले. "तिखट आहे. आमच्या त्या लेकराला हीच लागली असेल ना तिखट." मग सुषमाकडं वळून म्हणाले, "आपली आण. भाकरीसोबत वाढ. दोन्ही वाढ."

त्या दुपारी हौसाबाईच्या हनुवटीची गोष्ट त्यांनी माझ्याकडून तीनदा सांगून घेतली. खूण उजवीकडं की डावीकडं, हेही विचारलं. "म्हणजे पायरी खरीच होती," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "पाठ करताना मला वाटायचं, कोणी उगाच घातली असेल, ठेका जुळवायला." दिवाळीनंतर मी त्यांना घेऊन जायचं ठरलं. गुडघ्याचं काय ते बघू म्हणाले. "पायऱ्या सिमेंटखाली असल्या तं असू द्या. मी वर बसीन. हौसाबाईंना भेटीन. पण जेवायचा डबा मात्र इथून नेईन हां. तिथलं मला गोड नाही लागणार."

दिवाळीच्या आधीच सुषमाचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. पुढं तिला मराठी सुचेना, आणि मला हिंदी. तिकिटं मी दिवाळीनंतरची काढली होती. सप्टेंबरात काढली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही, जाऊही नये. महिन्याभरानं सुषमानं पार्सल पाठवलं. त्यात नानांची डबी होती, भरलेली.

तेव्हापासून ती डबी माझ्या पिशवीत असते. संपली की सुषमा पाठवते. आत्याकडची कारळ्याची चटणी आता मला अळणी लागते, आणि हे मी आत्याला अजून सांगितलेलं नाही. फिरायला मी पूर्वीसारखीच जाते, पण देवळात शिरल्यावर आधी दगडांमधली फट पाहते, आणि कुणीतरी "काहून घाई" म्हणेल म्हणून उगाच रेंगाळते. कोणी म्हणत नाही.

गेल्या महिन्यात सिंहगडावर गेले होते. दरवाज्यापाशी एक गृहस्थ फोनवर मोठ्यानं बोलत होते. "काय बड्डे, अपन तो पूना में हैं!" ते 'बड्डे' कानावर पडलं आणि माझे पाय आपोआप तिकडं वळले. दोस्ताला अशी हाक जबलपूरशिवाय कुठं मारतात? शेजारी त्यांची बायको सावलीत बसली होती. मी पिशवीतून डबी काढली, झाकण उघडलं आणि तिच्यापुढं धरली. ती दचकून मागं सरकली. मग मी एक चिमूट स्वतः खाल्ली, आणि म्हणाले, "पहले चख लीजिए. फिर बताइए, पहचाना सा लगता है क्या?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि घाबरत घाबरत बोटाच्या टोकावर चटणी घेतली. चाखली. तिचा चेहरा बदलला.

"अरे सुनो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "इसमें तो महुआ है. ये तो अपने घर का है."