लाथ मारून नमस्कार

उल्काताईंनी एकसष्टाव्या वर्षी कुंग फूच्या क्लासात नाव घातलं. त्याआधी आयुष्यात त्यांनी मारलं होतं ते फक्त एक झुरळ, आणि तेही निसटलं होतं.

निमित्त झालं पर्सचं. हिवाळ्याच्या तोंडावर, साउथहॅम्प्टनच्या त्यांच्या घराजवळच, लायब्ररीसमोरच्या बसस्टॉपवर एका पोराने त्यांच्या खांद्यावरची पर्स ओढली. उल्काताईंची सगळी नोकरी हॉस्पिटलात मेडिकल सेक्रेटरी म्हणून गेली. मोठमोठे सर्जन त्यांना वचकून असत. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून निघालं, "सॉरी." वर पट्टा कोटाच्या बटणात अडकला होता, तो त्यांनीच सोडवून दिला. तेव्हापासून अंधार पडला की त्या दाराला कडी लावून बसत. आणि इथे हिवाळ्यात अंधार चार वाजताच पडतो.

मुलाने, आर्यनने, लंडनमधल्या ईलिंगहून फोनवर निकाल देऊन टाकला. "आई, आता बास. बाबा गेल्यापासून तू एकटी. घर विकून टाक. आमची लॉफ्टमधली खोली रेडी आहे."

ती खोली उल्काताईंनी पाहिली होती. छप्पर असं उतरतं, की ताठ उभं राहायचं तर खोलीच्या मधोमधच. मान वाकवायचीच तर ती स्वतःच्या सिंकपाशी वाकवू, असं त्यांचं मत होतं.

"ईस्टरपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "मी स्वतःचं रक्षण करायला शिकते. नाही जमलं तर येते तुझ्या माळ्यावर."

आधी त्या मैत्रिणीबरोबर, मंजिरीबरोबर, ताई ची या चिनी व्यायामाच्या क्लासला जाऊन आल्या. हात असे संथ फिरवायचे, जसं पातेल्यात बासुंदी आटतेय. "चोर इतक्या सावकाश आला तर मी त्याला चहाही देईन," त्या मंजिरीला म्हणाल्या, आणि चर्चच्या हॉलमधल्या दुसऱ्या क्लासात गेल्या.

तिथे हाँगकाँगच्या लाउबाई विंग चुन नावाचं कुंग फू शिकवत. ही शैली म्हणे एका भिक्षुणीने काढली, अंगात ताकद नसणाऱ्यांसाठी. गुडघे आत वळवून उभं राहायचं, कोपरं छातीपुढे ठेवायची, हात सरळ समोरच्याच्या छातीकडे. उभं राहणं उल्काताईंना पहिल्याच दिवशी जमलं. संधिवाताने गुडघ्यांची तयारी आधीच करून घेतली होती.

अडलं लाथेपाशी. समोरच्याच्या नडगीवर छोटीशी लाथ मारून मागे व्हायचं. त्यांची लाथ डेरेकला, म्हणजे क्लासातल्या एका निवृत्त बस ड्रायव्हरला, लागली, आणि लगेच हात त्याच्या गुडघ्याला लागून स्वतःच्या कपाळाला गेला.

"हे काय?" लाउबाईंनी विचारलं.

"पाय लागला की करायचं असतं."

"हल्लेखोरालाही?"

"कोणालाही. पुस्तकालासुद्धा."

"तेवढ्यात तो तुमच्या डोक्यात मारेल."

"मारू दे. पण माझ्याकडून चूक राहायला नको."

लाउबाईंनी कपाळावर हात मारला. पण उल्काताईंचा नमस्कार काही सुटला नाही. उलट दोन-तीन आठवड्यांत डेरेकही लाथ मारून नमस्कार करायला लागला.

ईस्टरला आर्यन आला. जेवण झाल्यावर त्याने बाह्या सरसावल्या आणि आईचं मनगट धरलं.

"सोडव."

उल्काताईंनी गुडघे आत वळवले. हात पिळला, सुटला नाही. पोटचाच पोरगा, पण पकड बापाची. मग त्यांनी नडगीवर लाथ घातली. चांगली बसली. आणि पाठोपाठ त्या खाली वाकल्या, मोकळा हात त्याच्या पायाकडे.

"अगं, माझ्या पाया काय पडतेस!" आर्यन चटका बसल्यासारखा हात सोडून मागे सरकला आणि सोफ्यावर आदळला.

"सुटला," उल्काताई म्हणाल्या.

"आई, हे चीटिंग आहे. चोर नाही सोडणार."

"नाही सोडणार," त्या शेजारी टेकल्या. "ही शैली मी वाढवलेल्या चोरावरच चालते. खऱ्याला मी पर्स देऊन टाकीन. लाउबाईही तेच सांगतात."

"मग शिकलीस काय?"

उल्काताईंनी विचार केला. फुशारकी मारावी असं काही सापडेना.

"दर मंगळवारी क्लासला जाते. सुटतो रात्री आठला. मग बसने घरी."

आर्यन नडगी चोळायचा थांबला. "कुठल्या स्टॉपवर उतरतेस?"

"लायब्ररीसमोर. दुसरा आहेच कुठे? पहिले चार मंगळवार डेरेक दारापर्यंत सोडायला यायचा. आता नाही येत."

 आर्यनने पँट वर करून नडगी पाहिली. लाल झाली होती.

"लॉफ्टमध्ये मी सायकल ठेवतो मग," तो म्हणाला. "तुझ्याकडे बर्फ आहे?"

"मटारचं पाकीट आहे फ्रीझरमध्ये, ते लाव," उल्काताई उठल्या. "फोडू नकोस. संध्याकाळी उसळ करायची आहे."