तळाचा लोखंडी तुकडा

माझा मामा टीव्ही दुरुस्त करतो आणि भिकार माल पाहिला की त्याचं डोकं सणकतं. मामीसाठी हातात धरून खेळायचा गेम बनवायला त्याने बाजारातला स्वस्त, नकली, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम उघडला. आत बोटभर सर्किट, त्यावर चिप झाकणारा डांबरासारखा काळा गोळा आणि नुसतं वजन वाटावं म्हणून तळाला चिकटवलेला लोखंडाचा तुकडा!

"शी! लाज कशी वाटत नाही या लोकांना?" मामाने तो तुकडा भंगाराच्या खोक्यात भिरकावला.

मग आठवडाभर खपून त्याने ते सर्किट, गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा स्क्रीन आणि जुन्या मोबाइलची बॅटरी, सगळं एका चपट्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलं. एक वायर लोंबत नव्हती की एक बटण अडकत नव्हतं.

मामीने डबा हातात घेऊन दोनदा वरखाली केला. "चालतंय छान. पण अहो, किती हलकं! टिकेल ना?"

मामाने भंगाराचं खोकं उपसलं, तो तुकडा शोधला आणि डब्याच्या तळाला चिकटवला.

"आता कसं दणकट वाटतंय!" मामी म्हणाली.

मामा मोरीत गेला आणि बराच वेळ साबणाने हात चोळत राहिला.