टिकारामचं स्पिरिट

भिलाईजवळच्या नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीत टिकाराम मेंढेला सगळे बेवडा म्हणत. त्याच्या पोटात जन्मात दारूचा घोट गेला नव्हता. हे मी छातीठोक सांगतो, कारण त्याच्या डब्यातली मी पीत होतो.

मी तेजराम, ठेकेदाराच्या स्टोअरचा मुन्शी. साल एकसष्ट. भिलाईच्या पोलादाच्या भट्ट्यांना चुनखडी लागायची आणि ती खाणीच्या तळातून डंपरनं वर यायची. टिकाराम त्या डंपरचा मेकॅनिक. माणूस गोंदियाकडचा, अबोल. बोललाच तर इंजिनाशी.

डंपरला टर्बोचार्जर होता, म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा. दाबलेली हवा तापते, आणि आमच्याकडचा मे महिना काय असतो ते मी सांगायला नको. अर्ध्या चढावर इंजिन काळा धूर ओकायचं आणि दम टाकायचं. इंजिनिअरांनी हात टेकले. टिकारामनं दुसऱ्या महायुद्धात गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानांच्या धावपट्टीवर फिटरच्या हाताखाली काम केलं होतं. जड विमान उडताना इंजिनात पाणी आणि स्पिरिटचा फवारा मारतात, हे त्यानं तिथं पाहिलेलं. त्यानं डंपरला पत्र्याची छोटी टाकी बसवली आणि एक बारीक नळी हवेच्या तोंडाशी नेली. फवाऱ्याची वाफ होताना हवा थंड पडे आणि भरलेला डंपर चढ चढून येई. आम्ही बघतच राहिलो. तो फडक्याला हात पुसत म्हणाला, "गार हवा भेटली का त्याले बरं वाटते. मानसासारखंच हाये."

मिश्रण अर्धं पाणी, अर्धं स्पिरिट. स्पिरिट म्हणजे निव्वळ कडक दारूच, आणि ती माझ्या कुलपात. मी रोज पावशेर काढायचो आणि तेवढंच पाणी डब्यात घालायचो. एकदा पाणी जास्त झालं. भर चढावर इंजिन गुदमरलं आणि डंपर दहा हात मागं सरकला. कोणी मेलं नाही, हे माझं नशीब. त्या दिवसापासून टिकाराम प्रत्येक डब्यात बोट बुडवून जिभेला लावायचा आणि थुंकायचा. कडक लागलं तर नेमाचं पाणी घालायचा, मिळमिळीत लागलं तर कमी. मला त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटलं, भोळा आहे.

त्याच उन्हाळ्यात त्याची बायको कौशल्या पहिल्यांदाच नंदिनीला राहायला आली होती. त्यानं खोलीला चुना लावला, अंगणात तुळस लावली, शिफ्ट संपली की पळतच घरी जायचा. कौशल्याचं माहेर कंठीचं. घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, दारूचं नाव नाही, आणि तिचा थोरला भाऊ मोहाची दारू पिऊन मेलेला. आता नवऱ्याच्या कपड्यांना वास, तोंडाला वास. टिकारामनं परोपरीनं समजावलं. "इंजन दारू पेते?" म्हणत ती रडली. शेजारच्या बाया हसल्या. आठव्या दिवशी तिनं ट्रंक उचलली आणि माहेरची, आमगावची गाडी धरली.

टिकारामनं मला गाठलं. "मुन्शीजी, तुमी चला संगं. तुमी स्टोअरवाले, तुमचं आयकतीन. ते नाई आली तं मी त्या खोलीत काय करू?"

त्याचे डोळे भरले होते. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं, म्हणून गेलो.

सासऱ्याच्या, केवलरामच्या, ओसरीवर गावचे पाच जण बसले होते. कौशल्या दाराआड. त्यांच्यात कंठीवर हात ठेवून बोललेलं खरं धरायचं, पुढं कसलीच चौकशी नाही. केवलरामनं आपल्या गळ्यातली कंठी पुढं केली.

"जावईबापू, लय नाई विचारत. दारू तोंडाले लावली नाई, एवढं म्हना. पोरीले आजच धाडतो."

मी मनात म्हणत होतो, म्हण रे बाबा. टिकारामनं कंठीला हात लावला आणि माझ्याकडं पाहिलं. आता मी बोलायला हवं होतं. डब्यात पाणी मी घालतो, म्हणून याला चाखावं लागतं, एवढंच सांगायचं होतं. नोकरी जाईल या भीतीनं माझी वाचाच बसली.

"लावतो," टिकाराम म्हणाला. "रोज लावतो. पन थुकून टाकतो."

'रोज लावतो'च्या पुढचं कोणी ऐकलंच नाही. दाराआड बांगड्या वाजल्या आणि कौशल्या आत निघून गेली. मग चहा आला. तो मी प्यालो, याची अजून लाज वाटते.

गाडीत मी म्हणालो, "कावून खरं बोलला रे? नाई म्हनलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"कंठीवर हात होता, मुन्शीजी."

दोन वर्षांनी हिंमत धरून मी एकटाच आमगावला गेलो, सगळं कबूल करायला. कौशल्याचा पाट लागून ती दुसऱ्या घरी गेली होती. टिकारामनं मात्र दुसरी बायको केली नाही. तुळशीला पाणी घालायचा, एका माणसाचा भात रांधायचा, दाराशी बसून जेवायचा. अडुसष्टमध्ये कावीळ होऊन गेला. बेवड्याचं लिव्हर, असं लोक बोलले. खांद्याला चौघंच होतो.

मला छळते ती टिकारामबरोबर पहिल्यांदा आमगावहून परतल्यानंतरची सकाळ. त्या दिवसापासून मी डब्यातला थेंबही काढला नाही. सीलबंद डबा त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणालो, "हा पुरा हाये."

टिकारामनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. सील तोडलं, आणि बोट न बुडवता नेमाचं पाणी मोजून घातलं. म्हणजे त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. ओसरीवर त्यानं माझं नाव घेतलं असतं, तर कौशल्या त्याच गाडीनं परत आली असती.