चिखलात अडकलेलं पिल्लू

आमच्या लालबागच्या चाळीत अख्खं जंगल नांदतंय, असं मनापासून मानणारा माणूस जगात एकच आहे आणि तो आमच्या शेजारच्या खोलीत राहतो. पूर्वी टीव्हीवर वन्यजीवांची एक मालिका लागायची. या काकांनी ती व्हिडिओ कॅसेटांवर उतरवून ठेवली आणि बघून बघून त्यांची नजरच तशी झाली. नळावर भांडण जुंपलं की बाकीचे सोडवायला धावतात, काका कठड्याला टेकून हलक्या आवाजात सांगतात, "उन्हाळ्यात पाणवठ्यावर असंच होतं." मासळीवालीच्या टोपलीभोवती घुटमळणाऱ्या बोक्याला आई हाकलायला गेली, तर म्हणाले, "वहिनी, हा त्याचा इलाका. आपण पाहुणे." "मग पाहुण्यांना बांगडे तोच आणून घालणार का?" आई म्हणाली. मी कुणाशी फारशी बोलत नाही, म्हणून मला त्यांनी सांबरांत जमा केलंय: "चाहूल लागली की आत." राग यायला हवा होता, पण निरीक्षण बरोबर होतं.

एक भाग मात्र त्यांना अजून छळतो. हत्तीचं पिल्लू चिखलात रुततं, कळप भोवती जमतो आणि पडदा काळा होतो. तो भाग उतरवत होते तेव्हा घरी गणपती होते. आरतीला टीव्ही बंद, हा काकांच्या आईचा नियम. काकांनी घाईत बोर्डावरचं मुख्य बटणच दाबलं आणि रेकॉर्डिंगही तिथेच थांबलं. तेव्हापासून पिल्लू चिखलातच आहे. चाळीतल्या पोरांना ते ठणकावून सांगतात, "निघालं तर! सगळ्यांनी मिळून ओढलं." पोरं पांगली की मला हळूच विचारतात, "तुला काय वाटतं गो?"

परवा तो भाग मला इंटरनेटवर पूर्ण सापडला. आधी एकटीनेच पाहिला. पिल्लू निघत नाही. कळप बराच वेळ घुटमळतो, मग चालू लागतो.

मोबाईल घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. "काका, शेवट सापडला."

ते लगबगीने चष्मा पुसायला लागले, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले.

"असं होय," ते म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर चढवत विचारलं, "कुणी थांबलं का गो त्याच्यापाशी?"

"त्याची आई थांबली, एकटीच."

त्यांनी दुसरी खुर्ची माझ्यासाठी ओढली. "मग लाव. बसू आपणही जरा तिच्यासोबत."