सासूबाईंनी पुरायला लावलेलं मटण

जव्हार संस्थानात हुकूम राजेसाहेबांचा चालायचा. पण सूर्यमाळच्या पाड्यावर एकदा रानडुक्कर कापलं, की त्या मटणावर माझ्या सासूबाईंखेरीज कुणाचाही हुकूम चालत नसे. त्या मटणाची सुरी वेगळी, पाट वेगळा, आणि राखेने हात घासल्याशिवाय पाण्याच्या मडक्याला बोट लावायचं नाही. लगेच शिजवायचं नसेल ते त्या लांब, पातळ फाडत आणि मीठ चोळून चुलीवरच्या धुरात टांगत. कच्चं ठेवायचंच झालं तर थंडीच्या दिवसांत, झाकलेल्या गाडग्यात, झऱ्याकाठच्या गार वाळूत, तेही एका रात्रीपुरतं. नवा जावई असताना मी कौतुकाने टोपलीवरचं झाकण उचललं, तर म्हणाल्या, "पावनं, माशीला तोंड नाय म्हनून ती न इचारता आत जाते. तुमी तरी इचारा!" तेव्हापासून त्या घरात मी पाणीसुद्धा विचारून पीत असे.

धाकट्या मेहुणीला न्यायला वऱ्हाड आलं ते भर उन्हाळ्यात. नवरदेवाचा मामा संस्थानच्या शिकारीत हाकारा घालायला गेला होता. तिथे वाट्याला आलेलं डुकराचं मटण पोत्यात बांधून तो मिरवत घेऊन आला. शिकार आदल्या दिवशीची, वाट उन्हाची. सासूबाईंनी पोतं सोडलं, मांसात अंगठा दाबला, वास घेतला आणि म्हणाल्या, "हे पुरा."

मामा कडाडला, "राजाच्या शिकारीचं मटन हाये! पुरलं तं आमी नवरी न घेता उठतो."

सासरे हळूच म्हणाले, "तिखट जास्त घाल, निभंल." मेहुणी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती, तिच्या तोंडावरचा रंगच उडाला होता.

"राजाच्या रानात काय ऊन पडत नाय?" सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "उठायचं तं उठा. पन आले तसे सगळे आपल्या पायांनी चालत जा."

खड्डा खणला गेला. पानांवर नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण आलं. कुणी हलेना. शेवटी नवरदेवच "मामा, मला भूक लागलीय" म्हणत खाली बसला, आणि मग सगळी पंगत बसली.

मामाने मात्र एक तुकडा धोतराच्या सोग्यात लपवला होता. टेकाडामागे जाऊन तो अर्धवट भाजून खाल्ला, आणि दिवस मावळायच्या आत पोट धरून आडवा झाला. सासूबाईंनी त्याला घोंगडी दिली आणि मीठ घातलेली पेज घोट घोट पाजली. त्यांच्या जागी मी असतो तर पेजेबरोबर निदान चार वाक्यं ऐकवली असती! सकाळी तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "बाई, पोरीला आमी जपू."

वऱ्हाड निघाल्यावर मी विचारलं, "खरंच उठले असते तर?"

"हात कापत व्हते माझे," त्या म्हणाल्या. "म्हनून तं कमरेवर ठेवले."

लेक उतारावरून दिसेनाशी झाली होती. मी जेवायला हाक मारली. "तुमी बसा, आलेच," म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ त्या रिकाम्या वाटेकडेच बघत राहिल्या.